हाताला ओळखीचे घर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वाशिमला आम्ही घर बांधले ते २०११ साली. तेव्हा सगळेच बांधत होते तसे. पुढे पोर्च, मग हॉल आणि हॉलमध्ये पांढऱ्याशुभ्र, तोंड दिसेल अशा चकाकणाऱ्या टाइल्स. त्या टाइल्सचा मला फार अभिमान होता. दोन वर्षांनी, दिवाळीच्या तोंडावर, मायला मालेगाव तालुक्यातल्या आमच्या खेड्यावरून कायमची इकडे आणली. आईला आम्ही सगळी भावंडे मायच म्हणत असू. गाडीतून उतरून ती हॉलच्या दारापर्यंत आली आणि थांबली. दोन्ही हातांनी लुगडे घोट्याच्या वर उचलून धरले, एक पाय चाचपत पुढे टाकला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

"ये ना मायं, आत ये," मी म्हणालो.

"पानी किती हाये रे बाबू," ती म्हणाली. "नाल्याले पूर आला का?"

आम्ही हसलो. नातवंडे तर पोट धरून हसली. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते, कारण माय गंमत करत नव्हती. तिला खरेच पाणी दिसत होते.

तसे पाहिले तर खुणा आधीपासून होत्या. गावाकडे ती एकच गोष्ट चार-चार वेळा विचारायची, वरणात दोनदा मीठ घालायची, पैसे ज्वारीच्या कोठीत लपवून शेजारणीवर आळ घ्यायची. आम्ही म्हणायचो, साठी बुद्धी नाठी, चालायचेच. पुढे अकोल्याच्या एका डॉक्टरांनी तपासण्या केल्या, तासभर तिच्याशी गप्पा मारल्या आणि मग आम्हाला बाजूला घेऊन सांगितले की हे म्हातारपण नव्हे, हा स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया आहे.

हा मेंदूचा आजार आहे. त्याचे अनेक प्रकार आहेत. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते आलोइस अल्झायमर हे जर्मन डॉक्टर. त्यांनी १९०६ साली एका स्त्री-रुग्णाची हकीकत आपल्या व्यवसायबंधूंपुढे मांडली. आपल्या देशात झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. साठीच्या पुढच्या शंभरातल्या सात-साडेसात जणांना हा आजार असावा, म्हणजे देशभरात सुमारे ८८ लाख लोकांना, असा तो अंदाज आहे. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात दोन-चार घरे अशी निघतीलच. फक्त तिथे 'बुढी भुलली' किंवा 'बुढ्याला चळ लागला' असे म्हणून विषय संपवला जातो.

विषय तिथे संपवू नये याचे एक कारण अगदी व्यवहारी आहे. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले, थायरॉइड बिघडले किंवा मनाला उदासी आली, तरी माणूस असाच विसरायला लागतो आणि ते बऱ्याच प्रमाणात बरे होऊ शकते. तेव्हा आधी तपासणी. कान आणि डोळेही तपासून घ्यावेत. मायचा एक मोतीबिंदू पिकलेला होता. तो काढल्यावर तिचा निम्मा गोंधळ कमी झाल्यासारखा वाटला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली या आजाराला हातभार लावणारी १४ कारणे सांगितली. त्यांत ऐकू कमी येणे आणि दृष्टी अधू होणे ही दोन्ही आहेत.

पण मला आज औषधांविषयी बोलायचे नाही, तो अधिकार डॉक्टरांचा. मला घराविषयी बोलायचे आहे. या आजारात माणसाला घराप्रमाणे वागायला शिकवता येत नाही. घरालाच माणसाप्रमाणे वागावे लागते. आणि आम्ही वर्षभर जे केले ते नेमके उलटे होते. आम्ही मायला नवे घर शिकवत होतो.

मेंदूत आठवणींचा एकच साठा नसतो. काल काय झाले, सकाळी कोण आले, हे साठवण्याची जागा या आजारात सगळ्यात आधी पोखरली जाते. पण भाकरी थापणे, गाठ मारणे, वाती वळणे या हाताच्या आठवणी मेंदूत दुसरीकडे असतात आणि त्या पुष्कळ उशिरापर्यंत टिकतात. गावाकडच्या घरात माय अंधारातही काडेपेटीच्या देवळीपर्यंत बरोबर पोचायची, ती आठवून नव्हे. तिची पावलेच तिला न्यायची. त्या पावलांना वाशिमच्या घरात काहीच ओळखीचे नव्हते. शिवाय घाई अशी की, एका दिवसात सामान आवरले आणि तिची बाज नि लोखंडी पेटी 'जुनाट' म्हणून गावातच देऊन टाकली. नवा पलंग, नवे कपाट. आम्हाला वाटले, मायला सुखात ठेवले.

शक्य असेल त्यांनी अशा माणसाला त्याच्याच घरात राहू द्यावे, असे मी आता सांगेन. आम्हाला ते शक्य नव्हते, गावात तिच्याजवळ कोणी उरले नव्हते. पण मग निदान तिचे घर थोडेतरी तिच्यासोबत आणायला हवे होते. पुढे मी गावी जाऊन, ज्यांना दिली होती त्यांच्याकडून बाज आणि पेटी परत मागून आणली. मागताना संकोच वाटला, पण त्यांनी चहा पाजून बाज स्वतः टेम्पोत चढवून दिली. त्या रात्री माय सलग पाच तास झोपली. महिनाभरात पहिल्यांदाच.

आता त्या टाइल्सचे. या आजारात डोळा चांगला असला तरी डोळ्याने पाहिलेल्याचा अर्थ लावणारा मेंदूचा भाग चुकतो. चकाकणारी फरशी पाणी वाटते. काळ्या रंगाचे पायपुसणे खड्डा वाटते. गालिच्यावरची नक्षी किडे वाटते आणि माणूस ते वेचायला वाकतो. सगळ्या टाइल्स उखडणे परवडणारे नव्हते. आम्ही मायच्या खोलीत खरखरीत शहाबादी फरशी टाकली आणि हॉलमधून तिच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर फिक्या, एकाच रंगाचे काथ्याचे जाजम अंथरून त्याच्या कडा पट्ट्या लावून पक्क्या बसवल्या. सुटी सतरंजी अंथरू नये. तिच्यात पाय अडकून मांडीचे हाड मोडले की म्हातारे माणूस पुन्हा उठत नाही, हे गावोगाव पाहिलेले आहे. उंबरठे आणि पायऱ्यांच्या कडा पिवळ्या रंगाने रंगवल्या. उंबरठा हळदीने सारवल्यासारखा दिसू लागला. माय तिथे आपोआप थबकून पाय उचलू लागली. पिवळा रंग उठून दिसतो म्हणून, की हळदीच्या उंबरठ्यावर पाय द्यायचा नसतो म्हणून, हे मला ठाऊक नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न होता संडासचा. आमच्या घरात एका बोळीत तपकिरी रंगाची, एकसारखी चार दारे. त्यांतले एक संडासचे. माय रात्री उठायची, चारही दारे उघडून पाहायची आणि शेवटी कुठल्यातरी कोपऱ्यात बसायची. सकाळी ते साफ करायचे काम माझ्या पत्नीचे. मी शिक्षक माणूस. कुठेतरी वाचून मी दारावर मोठ्या अक्षरांत 'शौचालय' असा कागद चिकटवला. मायला अक्षरओळख नव्हती हे चाळीस वर्षे इतरांच्या मुलांना अक्षरे शिकवणाऱ्या माझ्या लक्षात आले नाही.

तोडगा पत्नीने काढला. तिने अडगळीतून एक जुने टमरेल शोधले आणि त्या दाराच्या कडीला सुतळीने टांगले. टमरेल! आयुष्यभर पहाटे जे हातात घेऊन माय नाल्याकडे गेली, ते. त्या दिवसापासून दिवसा तरी ती दार चुकली नाही. पाहुण्यांना मात्र विचित्र वाटायचे. एका नातेवाइकाने 'नव्या घराला हे शोभते का' असे विचारलेही. मी म्हणालो, शोभेसाठी नाही लावलेले.

रात्रीसाठी संडासात आणि बोळीत मंद दिवा रात्रभर चालू ठेवायला लागलो. दिवा दिसेल तिकडे माणूस जाते. आपल्याकडे वीज जाते तेव्हा काय, म्हणून चार्जिंगचा एक दिवाही तिथेच. तिच्या बाजेपासून दारापर्यंतच्या वाटेत खुर्ची, बादली, चप्पल काही ठेवायचे नाही असा नियम केला. आम्ही घर बांधताना हौसेने कमोड बसवला होता. माय त्याला ओळखतच नव्हती, त्यात ती एकदा पाय धूत होती. तिला बसणे जमायचे ते देशी भांड्यावरच, पण गुडघे साथ देत नव्हते. मग त्या भांड्यावर ठेवायची, मध्ये भोक असलेली चार पायांची खुर्ची आणली. पांढऱ्या फरशीवर पांढरी बैठक तिला दिसेना, म्हणून निळी. दोन्ही बाजूंच्या भिंतींत, वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेले लोखंडी दांडे पक्के बसवले. टॉवेल अडकवायची दांडी धरून उठू देऊ नये, ती माणसाच्या वजनाने निघून येते.

आंघोळीचेही तसेच. शॉवर अंगावर आला की माय किंचाळायची. बादली, तांब्या आणि बसायला लाकडी पाट एवढे दिल्यावर ती स्वतःच्या हाताने आंघोळ करू लागली. गीझरचे पाणी मात्र आम्हीच काढून, हात घालून बघून द्यायचो, कारण ऊन-गार याचा तिचा अंदाज गेला होता.

जेवणाचा एक प्रयोग सांगतो. अमेरिकेतल्या बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ साली असे दाखवले की, हा आजार खूप वाढलेल्या रुग्णांना पांढऱ्याऐवजी गडद लाल ताटल्या-पेल्यांत वाढले, तर ते पाव हिश्श्याने जास्त खातात आणि पाणी वगैरे तर पाऊणपटीहून जास्त पितात. रुग्ण थोडेच होते, पण कल्पना समजण्यासारखी आहे. पांढऱ्या ताटलीतला पांढरा भात त्यांना दिसतच नाही. आपल्याकडे तर चकाकते स्टीलचे ताट, त्यात वरच्या बल्बचे प्रतिबिंब आणि फिके वरण-भात. आम्ही मायला लाल प्लॅस्टिकच्या ताटलीत वाढू लागलो आणि एका वेळी एकच पदार्थ. तिचे अर्धवट टाकणे कमी झाले.

आरशाची कहाणी निराळी. कपाटाच्या आरशात तिला एक म्हातारी दिसायची. दिवसा ती तिच्याशी गोड बोलायची, 'चहा घेतं का वं बाई' म्हणून विचारायची. रात्री मात्र तिला वाटे, ही बाई घरात घुसली आहे. आरशावर जुने लुगडे टाकले आणि भांडण मिटले. टीव्हीवरच्या मारामाऱ्यासुद्धा तिला घरातच चालल्यासारख्या वाटत, म्हणून तिन्हीसांजेला टीव्ही बंद. दिवेलागणीची वेळ या आजारात वाईटच. सावल्या लांबतात आणि मन घाबरे होते. अंधार पडायच्या आधीच घरातले सगळे दिवे लावावेत.

शेतकऱ्याच्या घरात काही धोके जास्तीचे असतात. फवारणीच्या औषधाच्या बाटल्या पडवीत, तेलाच्या बाटलीशेजारी ठेवायची आपली वाईट सवय आहे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते तर धडधाकट होते. ज्या माणसाला बाटल्यांतला फरक कळत नाही त्याच्या घरात ही औषधे कुलपातच हवीत. विहिरीवर जाळी हवी. गॅसचा रेग्युलेटर प्रत्येक वेळी बंद करायला हवा. आणि उन्हाळ्यात कूलर! बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत कूलर लागतोच, पण पाण्यात उतरलेल्या विजेने दरवर्षी माणसे जातात. अर्थिंग तपासून घ्यावे आणि कूलर अशा माणसाच्या हाताला लागणार नाही असा, खिडकीच्या बाहेरून लावावा. या लोकांना तहान लागल्याचे कळत नाही किंवा सांगता येत नाही. अंगातले पाणी कमी झाले किंवा लघवीत जंतुसंसर्ग झाला की एका दिवसात भ्रम वाढतो. असे अचानक झाले तर आजार वाढला म्हणून स्वस्थ बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

स्वयंपाकघरातून मायला आधी आम्ही बाहेरच काढले होते. भाजेल, कापेल या भीतीने. दिवसभर रिकामी बसली की ती दाराकडे जायची. मग पत्नीने तिच्यापुढे सूप ठेवले आणि तुरीची डाळ निवडायला दिली. माय तासभर निवडत बसली, इतकी शांत की आम्हीच दचकलो. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा सोलायला द्यायचो, एरवी कापसाच्या वाती. डाळ घरात असून असून किती असणार? निवडलेली डाळ पत्नी आत नेऊन पुन्हा तीच सुपात घालून आणायची. ही फसवणूक आहे का, यावर आमच्या घरात वाद झाला. माझा मुलगा म्हणे, आजीला मूर्ख बनवता. पत्नी म्हणाली, तू बस मग तिच्याजवळ दोन तास. वाद तिथे थांबला, सुटला असे मी म्हणणार नाही.

असाच अनुभव कारंज्याच्या एका मित्राचा. त्याच्या वडिलांना रोज सकाळी स्टेशनवर जायचे असायचे, शकुंतला गाठायला. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणारी ती छोटी गाडी कधीच बंद पडली आहे. मुले समजावून सांगत, बाबा, गाडी बंद झाली. ते ऐकून म्हातारबा रोज नव्याने रडत. एके दिवशी सून म्हणाली, "मामंजी, गाडी लेट आहे, तोवर चहा घ्या." शकुंतला लेट असणे त्यांना पूर्ण पटण्यासारखे होते! चहा होईपर्यंत गाडीचा विषय मागे पडायचा.

घराबाहेर निघून जाणे, ही सगळ्यात मोठी भीती. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २०१३ सालचा 'अस्तु' पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात मोहन आगाशे यांनी उभे केलेले संस्कृतचे पंडित एका हत्तीच्या मागे चालत निघून जातात. आमची माय हत्तीमागे नाही, मालेगावच्या रस्त्याने निघाली. एका पानटपरीवाल्याने तिला अनवाणी जाताना पाहिले आणि बसवून घेतले. त्यानंतर मी लाज सोडली. गल्लीतली सगळी घरे, किराणा दुकान, ऑटोस्टँड, सगळ्यांना मायचा फोटो दाखवून सांगितले की ही एकटी दिसली तर मला फोन करा. तिच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात मोबाइल नंबर कोरलेला छोटा बिल्ला ओवला. दाराची कडी नेहमीच्या जागेवरून काढून अगदी खाली, पायाजवळ लावली. हात सवयीने वरच शोधतो, खाली बघत नाही. पण माणूस एकटे आत असताना बाहेरून कुलूप लावून जाऊ नये. आग लागली तर?

आणखी एक गोष्ट, घराच्या भिंतींची नसली तरी घराचीच. आजाराचे नाव कळल्याबरोबर, माणसाला समजते आहे तोवरच, शेती, बँक, मृत्युपत्र यांचे त्याच्या मनाप्रमाणे करून घ्यावे. नंतर अंगठा घ्यायला नातेवाईक फार जमतात.

हे सगळे जी व्यक्ती करते तिची झोप, तिची कंबर, तिचे मन यांचे काय? आमच्या घरात ती माझी पत्नी होती. मी उशिरा, निवृत्त झाल्यावर, रात्रीची पाळी घेऊ लागलो, ते आधीच घ्यायला हवी होती. आम्हाला तेव्हा विचारायला कोणी नव्हते. आता ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मनाच्या तक्रारींसाठी १४४१६ हे सरकारी फोन आहेत. १९९२ साली कोचीला सुरू झालेली अल्झायमर रुग्णांच्या कुटुंबीयांची संस्थाही माहिती देते. फोन रुग्णासाठीच करावा असे नाही. सांभाळणाऱ्याने स्वतःसाठीही करावा.

एक प्रश्न मात्र घरात काहीही बदलून सुटला नाही. दिवेलागण झाली की माय पेटीवर हात ठेवून म्हणायची, "मले घरी जाचं हाय." आधी मी सांगायचो, "हेच घर आहे माय." ती चिडायची, रडायची. मग पत्नीने वाद घालणे सोडले. "चला आत्याबाई, जाऊ," म्हणायची. चप्पल घालायची, मायच्या हातात छोटी पिशवी द्यायची आणि दोघी पुढच्या दाराने बाहेर पडायच्या. गल्लीच्या टोकाच्या लिंबापर्यंत जायच्या, कोणाशी तरी दोन शब्द बोलायच्या आणि वळसा घालून मागच्या दाराने आत यायच्या. मागच्या बाजूला आम्ही मायची बाज टाकून ठेवलेली असायची, बाजूला पेटी, दारावर पिवळा उंबरठा. माय उंबरठा ओलांडून बाजेवर टेकायची. "आलं बाप्पा घर," म्हणायची. एखाद्या संध्याकाळी बाजेला हात लावून म्हणायची, हे नव्हे. मग दोघी पुन्हा चपला घालायच्या.